वेगवान तार आणि परक्याची वखार

(पिंपळे सौदागर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मी जो विषय सुचविला, तो ऐकून काही मित्रांच्या भुवया उंचावल्या. घरातले इंटरनेट जसजसे वेगवान होते, तसतशी माहिती साठविण्याच्या जागेची मागणी का वाढते, हा प्रश्न अभियंत्यांच्या परिषदेत शोभावा. कंत्राटी कामगार, पाणीटंचाई आणि शाळांच्या फिया दारात उभ्या असताना पक्षाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असे त्यांचे म्हणणे. त्यांची शंका गैर नाही. परंतु या प्रश्नाचा धागा ओढीत गेलो, तेव्हा तो जमीन, पाणी, भाडे आणि मालकी या आपल्या जुन्या परिचयाच्या गोष्टींपाशीच येऊन पोचला. म्हणून हा प्रपंच.

आरंभ एका साध्या घटनेने करतो. पिंपरीतील एका कारखान्यातून निवृत्त झालेले आपले एक जुने साथी याच भागात मुलाकडे राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या फोनवर एक सूचना वारंवार येऊ लागली: तुमची जागा भरली आहे, अधिक जागा विकत घ्या. फोनवर दिवसभर काही ना काही विकायला येतच असते, त्यातलेच हे एक समजून त्यांनी दुर्लक्ष केले. काही आठवड्यांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ई-मेल येणेच थांबले आहे. निवृत्तिवेतनाबाबत त्यांनी केलेल्या एका अर्जाचे उत्तर त्या पत्त्यावर धाडले गेले होते. ते पोचलेच नव्हते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. घरी फायबरची जोडणी आल्यापासून फोनमधले प्रत्येक छायाचित्र आणि प्रत्येक चलच्चित्र आपोआप एका कंपनीच्या साठ्यात जात होते. नातवाच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत, सकाळच्या शुभेच्छांची शेकडो फुले, आणि दिवंगत पत्नीच्या अखेरच्या दोन वर्षांतील छायाचित्रे, सारे एकाच ढिगात. पत्रांची पेटी आणि छायाचित्रांची पेटी या एकाच जागेत मोजल्या जातात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. “पैसे भरायचे, की बायकोचे फोटो पुसायचे?” असे त्यांनी मला विचारले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

थोडा इतिहास पाहू. भारतात सर्वसामान्य नागरिकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या सेवेचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट इतका होता. आजच्या फोनने काढलेले चार मेगाबाइटांचे एक छायाचित्र त्या वेगाने पाठवायचे म्हटले तर जवळजवळ तास लागला असता. २००४ च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ या भारदस्त नावाला पात्र ठरण्यासाठी २५६ किलोबिटांचा वेग पुरेसा मानला गेला, आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ती सेवा सुरू केली. त्या वेगाने तेच छायाचित्र दोन मिनिटांत उतरवून घेता येई. आज या परिसरातील सदनिकांत १०० मेगाबिटांची जोडणी सर्रास दिसते. तिला सेकंदाचा एक-तृतीयांश भाग पुरतो.

आता येथे एक पेच आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तार जर इतकी वेगवान झाली, तर साठवणीची गरज कमी व्हायला हवी होती. विहीर दारात असली म्हणजे घरात हंडे भरून ठेवावे लागत नाहीत. एका अर्थी तसे घडलेही. बीएसएनएलच्या काळातील तरुण मंडळींना आठवत असेल, मासिक मर्यादेच्या त्या दिवसांत काही योजनांत पहाटे दोन ते आठ या वेळेत मर्यादा लागू नसे. गजर लावून उठायचे, चित्रपट उतरवायला लावायचे, आणि ते ५०० गिगाबाइटांच्या डिस्कवर भरून मित्रांमध्ये फिरवायचे, असा एक छोटासा सहकार त्या काळी चालत असे. (त्यात कायदा किती पाळला जाई, हे मी विचारीत नाही.) वेगवान जोडणी आली आणि या डिस्का माळ्यावर गेल्या. चित्रपट आता घरात ठेवावाच लागत नाही.

मग मागणी वाढली कोठे? तिचे उत्तर तारेच्या दुसऱ्या दिशेत आहे. तांब्याच्या तारेवरील जुनी सेवा मुळातच एकांगी होती. उतरवून घेण्याचा वेग बरा, वर पाठविण्याचा वेग त्याचा एक लहानसा अंश. म्हणजे घर हे केवळ ग्राहक होते. त्याने घ्यावे, द्यावयाचे काही नाही, हे त्या रचनेतच गृहीत होते. प्रकाशतंतूच्या जोडणीत हे बंधन उरत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओने घरगुती फायबरसेवा सुरू केली आणि २०२० च्या टाळेबंदीच्या वर्षात दरमहा ३९९ रुपयांपासून, दोन्ही दिशांना सारखाच वेग असलेल्या योजना आणल्या. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. हिंजवडीची कचेरी पिंपळे सौदागरच्या शयनगृहात आली ती याच तारेवरून. त्याच तारेवरून आपले घर मात्र प्रथमच मोठ्या प्रमाणावर माहिती बाहेर पाठवू लागले. फोनच्या छायाचित्रांची प्रत रातोरात वर जाते. दारावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली हालचाल वर जाते. मुलांचे वर्ग, बैठकांचे ध्वनिमुद्रण, स्कॅन केलेली खरेदीखते, सारे वर जाते. फोनवर घेतलेले एका मिनिटाचे चलच्चित्र सहज शंभर मेगाबाइटांच्या आसपास भरते. अशी अडीच तासांची चित्रफीत झाली की पंधरा गिगाबाइटांची फुकट जागा संपली.

याहूनही महत्त्वाचा बदल माणसाच्या सवयीत झाला. तार मंद होती तेव्हा काय पाठवायचे हे निवडावे लागे. छायाचित्रे छापून घेण्याच्या काळात तर छत्तीस चित्रांचे रीळ महिनाभर पुरवून वापरीत. वेगाने निवडीचे कष्ट नाहीसे केले, आणि निवड गेली की साठ्याला मर्यादा उरत नाही. आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घ्या. नाशिक फाट्यापासून वाकडकडे जाणारा रस्ता रुंद झाला, तेव्हा कोंडी सुटेल असे आपणा सर्वांना वाटले होते. रस्ता रुंद झाला म्हणून दोन्ही बाजूंना इमारती उठल्या, आणि इमारती उठल्या म्हणून गाड्या आल्या. स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबाबत हेच दाखविले होते: वाफेचे यंत्र अधिक काटकसरी झाले, म्हणून देशाचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. जे स्वस्त आणि सुलभ होते, त्याचा वापर नव्या ठिकाणी पसरतो.

येथवरचे विवेचन कोणताही अभियंता करील. आपला प्रश्न यापुढे सुरू होतो. घरातून बाहेर पडलेला हा माल जातो कोणाच्या वखारीत?

वखार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. शाळेच्या इतिहासात सुरतेची वखार, राजापूरची वखार आपण वाचलेली आहे. परक्या व्यापाऱ्याने आधी वखार घातली, मालाची साठवण हाती घेतली, आणि बाजाराची नाडी त्याच्या हाती कशी गेली हे नंतर कळले. फार ताणू नये, पण शब्द चपखल आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये गुगलने एक गिगाबाइट जागेची फुकट ई-मेल सेवा दिली. त्या काळी इतरांची पेटी दोन-चार मेगाबाइटांची होती. मे २०१५ मध्ये त्याच कंपनीने छायाचित्रांसाठी, किंचित कमी दर्जाच्या प्रतींना, अमर्याद जागा फुकट दिली. लोकांनी विश्वासाने आयुष्य तेथे नेऊन ठेवले. २०२० च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केले की, आपल्याकडे चार लाख कोटी छायाचित्रे जमा असून आठवड्याला २,८०० कोटी नव्या चित्रांची भर पडते आहे. आणि त्याच निवेदनात सांगितले की, १ जून २०२१ पासून नव्या चित्रांना फुकट जागा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या अखेरीस आपली ‘अमर्याद’ जागा अशीच मागे घेतली होती. २०२४ मध्ये जिओने आपल्या ग्राहकांना १०० गिगाबाइट फुकट देऊ केले. जो तार विकतो, तोच आता वखारही उघडतो आहे. ही जागा पुढेही फुकटच राहील का, हे आधीच्या दोन अनुभवांवरून ज्याचे त्याने ठरवावे.

भाडे मोठे नाही, हे मला मान्य आहे. १०० गिगाबाइटांना महिना सुमारे १३० रुपये. एका कुटुंबाच्या चहाचा खर्च. परंतु त्याचे स्वरूप पाहा. ते कधीही संपत नाही आणि साठा वाढत असल्यामुळे कधीही कमी होत नाही. माल हलविण्याची खटपट इतकी आहे की, भाडेकरू सोडून जात नाही. ज्या तंत्राने ही वखार चालते त्यातही एक गंमत आहे. बॅकअपच्या धंद्यात असे तंत्र वापरतात की, एकच फाइल शंभर जणांनी ठेवायला दिली तरी प्रत्यक्षात तिची प्रत एकदाच ठेवायची आणि बाकीच्यांच्या नावे केवळ खूण करायची. तंत्र उत्तम आहे, डिस्क आणि वीज दोन्ही वाचतात. मात्र त्या बचतीत ठेवीदाराचा वाटा किती, हे त्याला विचारण्याची सोय नाही.

आणि हे तंत्र घडते कोठे? साथींनो, ते आपल्या गल्लीत घडते. पुणे हे कित्येक वर्षे साठवणीच्या सॉफ्टवेअरचे जगातील एक मोठे केंद्र आहे. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचे संशोधनाचे काम येथे वाढले. २००८ मध्ये स्थापन झालेली ड्रुवा ही बॅकअपची कंपनी पुण्यातलीच. अशा कंपन्यांत काम करणारी मुले-मुली याच सोसायट्यांत राहतात, त्यांच्या गृहकर्जाचे हप्ते याच कामातून फिटतात. त्यांना आपण ‘आयटीवाले’ म्हणून बाजूला ठेवतो, ही आपली चूक आहे. या यंत्रणेचे आतडे-कातडे त्यांना जितके ठाऊक आहे तितके दुसऱ्या कोणाला नाही. तेव्हा पुढचा अभ्यासवर्ग त्यांच्यापैकी कोणी घेतला, तर मला आनंदच होईल.

आता जमिनीवर येऊ. या व्यवस्थेला ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असे नाव देणाऱ्याच्या जाहिरातकौशल्याचे कौतुक केले पाहिजे. ढग म्हटले की वजन नाही, जागा नाही, मालक नाही. वस्तुतः हा साठा लोखंडी कपाटांत रचलेल्या फिरत्या डिस्कांवर असतो. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हा जगभर डिस्कच्या किमती कडाडल्या होत्या. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी डिस्का आणि मेमरी चिपा उचलायला प्रारंभ केला, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या आपल्या चौकातील दुकानदारापर्यंत त्याची झळ पोचली. ही कपाटे अहोरात्र तापतात. त्यांना थंड ठेवायला वीज लागते आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही लागते. काही केंद्रे पाण्याऐवजी हवेवर थंड केली जातात, तेथे विजेचा खर्च वाढतो. फुकट काहीच नसते.

देशातील अशा केंद्रांचा फार मोठा भाग महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना उत्तेजन देण्याच्या तरतुदी आहेत. आपल्या औद्योगिक पट्ट्याकडेही हा प्रवाह वळला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुण्यात आपले क्लाउड-केंद्र चालू केले. २०२२ मध्ये त्या कंपनीने पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर जमीन सुमारे ३२९ कोटी रुपयांना घेतल्याचे, आणि २०२४ मध्ये हिंजवडीत सोळा एकरांहून अधिक जमीन ५२० कोटींना घेतल्याचे वृत्तपत्रांत आले. १९५४ मध्ये याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याच्याभोवती वसाहत, शाळा आणि एक कामगारवर्ग उभा राहिला होता. डेटा सेंटर बांधून झाले की, एवढ्याच जमिनीवर किती माणसे कामाला राहतात, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पाण्याचा विषय तर आपल्याकडे जखमेसारखा आहे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले, आणि तात्पुरती म्हणून आलेली ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालली. ज्या पवना धरणावर हे शहर जगते, त्याच धरणाच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, बऊरजवळ, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याची ही किंमत आहे. मी कोणा कंपनीवर आरोप करीत नाही. या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने दररोज किती पाणी घेतले, ते कोठून घेतले, त्यातले प्रक्रिया केलेले किती आणि वीज किती, हे आकडे दर महिन्याला महापालिकेच्या फलकावर लावले जावेत, एवढेच मागतो. दिवसाआड पाणी भरणाऱ्या गृहिणीला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

काही साथी म्हणतील, मग उपाय काय, फायबर तोडायचे? मुळीच नाही. यंत्राला शिव्या देणे हे आपले काम कधीच नव्हते. ज्या मुलीला टाळेबंदीत घरून नोकरी करता आली, तिला विचारा वेगवान तारेचे मोल. मालकीचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याबाबत महाराष्ट्रापाशी एक जुना अनुभव आहे. सुगीला साऱ्यांचाच माल एकदम निघतो, घरी ठेवायला जागा नसते, म्हणून शेतकरी पडेल भावाने व्यापाऱ्याला माल घालीत असे. त्यावर तोड म्हणून १९५७ मध्ये राज्याचे वखार महामंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याने माल ठेवायचा, त्याची पावती घ्यायची, त्या पावतीवर कर्ज काढता येते, आणि भाव येईल तेव्हा माल उचलायचा. महामंडळात दोष नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण तत्त्व पाहा: ठेवलेला माल कोणाचा, याबद्दल तेथे संदिग्धता नाही, आणि उचलून नेण्याचा हक्क पावतीवरच लिहिलेला आहे.

डिजिटल वखारीत हाच हक्क आपल्यापाशी कायद्याने नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात, आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये संसदेने जो व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला, त्यातून तो गाळला गेला. काही कंपन्या आपण होऊन ही सोय देतात. सोय आणि हक्क यांतला फरक कामगार चळवळीला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट सार्वजनिक वखारीची. सरकारने स्वतःच्या माहितीसाठी तशी वखार केव्हाच बांधली आहे. एनआयसीच्या राष्ट्रीय डेटा केंद्रांपैकी एक पुण्यातच आहे. नागरिकाला मात्र डिजिलॉकरमध्ये स्वतःची कागदपत्रे ठेवायला एक गिगाबाइट मिळते. हाच आकडा २००४ मध्ये एका खाजगी कंपनीने फुकट दिला होता, हे आठवून पाहा. २०१७ मध्ये आपले शहर स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले तेव्हा पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हेच तिचे मुख्य क्षेत्र ठरले. त्या योजनेत रस्ते खणून फायबर टाकले गेले, कॅमेरे बसले, नियंत्रण केंद्र उभे राहिले. त्या खणलेल्या रस्त्यांची धूळ आपण खाल्ली आहे. लोकांच्या पैशाने तार टाकता येते, लोकांवर नजर ठेवणाऱ्या चित्रणाचा साठा सांभाळता येतो. मग लोकांच्या स्वतःच्या ठेव्यासाठी एक कपाट का नाही? १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे मान्य केले. गावोगावी पुस्तके जपणाऱ्या या संस्थांना त्या गावाची छायाचित्रे, संघटनांची कागदपत्रे, वृद्धांच्या मुलाखती माफक भाड्याने सांभाळण्याचे काम देता येणार नाही काय? खर्च येईल, सुरक्षिततेचे कठीण प्रश्न येतील, निष्काळजी कारभाराची भीती तर आहेच. त्यावर मतभेद असू शकतात, आणि ते येथे मोकळेपणाने मांडले जावेत.

त्या निवृत्त साथींचे काय झाले, असे मघाशी एकाने चिठ्ठी पाठवून विचारले आहे. आम्ही तिघेजण दोन रविवार त्यांच्या घरी बसलो. मुलाच्या माळ्यावरची जुनी ५०० गिगाबाइटांची डिस्क काढली; ती अजून चालते. सारे त्यावर उतरवून घेतले. तार वेगवान असल्यामुळे ते काम लवकर झाले, हेही सांगितले पाहिजे. निवडण्याला मात्र वेळ लागला. शुभेच्छांची फुले पुसली, पत्नीचे एकही छायाचित्र पुसले नाही. दुसरी प्रत आता त्यांच्या मुलीकडे चाकणला आहे.

पाणी आणि विजेचे आकडे मागणाऱ्या अर्जाचा मसुदा तयार आहे. तो सह्यांसाठी मागच्या टेबलावर ठेवला आहे. माहितीच्या अधिकाराखालील अर्ज ज्यांनी पूर्वी केले आहेत, त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे.